तिरप्या डोळ्याची मासोळी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घरात कुठल्याही वस्तूवरचं स्टिकर काढत नाहीत. फ्रिज मी शाळेत असताना आला, त्याच्या दारावर अजून त्याचे वीजबचतीचे तारे चिकटलेले आहेत. टीव्हीच्या कोपऱ्यात तो किती स्पष्ट दिसतो हे सांगणारी पट्टी आहे, आणि ती नेमकी बातम्यांच्या अक्षरांवर येते. सोफ्याचं प्लास्टिकही दुकानातून आलं तसंच होतं. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठला की फर्रकन आवाज व्हायचा आणि आम्ही सगळे नम्रपणे दुसरीकडे बघायचो. वस्तू खरी आहे, नवी आहे आणि आपण ती विकत घेतली आहे, हे सगळं स्टिकरवरून कळतं अशी बाबांची श्रद्धा आहे.

भेट द्यायच्या वस्तूचा नियम मात्र उलटा. तिच्यावर किंमत असू शकते, म्हणून तिचं स्टिकर खरवडून काढायचं. किंमत आहे की दुसरं काही लिहिलंय, हे वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यामुळे आमच्या घरात स्टिकर नसलेली एकच वस्तू आहे, आणि घरातलं सर्वांत जुनं भांडण तिच्यावरूनच आहे.

ती काचेची मासोळी आहे. वीतभर उंच, शेपटीवर उभी, तोंड आ वासलेलं, पोटात निळा आणि पिवळा रंग. तिचा एक डोळा बरोबर जागेवर आहे. दुसरा मागे सरकलेला आणि तिरपा, त्यामुळे त्या बाजूने पाहिलं तर ती आपल्याकडे जरा रागाने बघतेय असं वाटतं. शोकेसमध्ये आई ती बाजू नेहमी भिंतीकडे करून ठेवायची. मासोळीच्या तोंडात माझ्या स्कूटीची जादा किल्ली, टूथपिक आणि बंद पडलेलं थर्मामीटर असायचं.

ही मासोळी मामाने आईच्या लग्नात आहेर म्हणून दिली. मामा तेव्हा हिंगणघाटच्या एका गिरणीत होता. नव्या मशिनी शिकायला गिरणीने काही जणांना इटलीला पाठवलं, त्यात तो होता. येताना त्याने बहिणीसाठी मासोळी आणली. आईच्या माहेरी, आंजीला, कुणीतरी तिच्यावरचं स्टिकर आधी नखाने आणि मग ब्लेडने खरवडून काढलं, वर रंगीत कागद लावला, आणि ती सासरी आली ती अशी, कागदपत्रांशिवाय.

सासरी आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती नालवाडीहून ऑटोने येते, पण घरात शिरते ती तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी. आत्याच्या मते जगात काच दोनच प्रकारची आहे, बेल्जियमची आणि जत्रेतली. मासोळी इटलीची आहे असं आईने सांगितलं तेव्हा तिने तिथल्या तिथे निकाल दिला.

"इटलीत काच होतच नाई व. इटलीत बूट होतात."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण माझ्या बारशाला, पंगत बसलेली असताना, तिने मासोळी उचलून सगळ्यांना दाखवली. "आंजीच्या माणसाले इटलीवाले विमानातून उतरू देतीन का? जत्रेतली हाय. डोळाच पाहा ना! गोऱ्या लोकायनं केली असती त असा डोळा केला असता का?" लोक हसले. मामाच्या पुढ्यात ताट होतं. तो जेवला, हात धुतले आणि गेला. ही हकिकत मी आईकडून इतक्या वेळा ऐकली आहे की पाळण्यातून मीच ती पाहिली असं मला वाटतं.

त्यानंतर मामा आमच्या समोरच्या खोलीत कधी बसला नाही. गिरणी सुटली, तो आंजीला शेती करू लागला, पण यायचा तो फाटकापर्यंत. गाडी चालू ठेवून तुरीची डाळ, हरभरा, थंडीत संत्री असं काहीतरी आईच्या हातात द्यायचा. आई पाण्याचा गडवा घेऊन उभी राहायची. तो गाडीवर बसूनच पाणी प्यायचा. "येतो व बाई. वावरात काम हाय." मला म्हणायचा, "काय मॅडम, बोलत नाई का?" मी मान हलवायचे. गाडी निघून गेली की आई थोडा वेळ फाटकाची कडी लावत राहायची, लागलेली असली तरी.

तिचं एकच म्हणणं होतं. दादाने एकदा आत येऊन समोरच्या खोलीत बसावं आणि चहा प्यावा. एवढ्यासाठी तिला मासोळी खरी हवी होती. विकायची नव्हती, मिरवायचीही नव्हती.

तिच्या खरेपणाची तपासणी घरात आधी झाली नव्हती असं नाही. बाबांनी तिच्यावर स्टीलचा चमचा वाजवून पाहिला. टण्ण वाजली, म्हणजे चांगली आहे, असं ते म्हणाले. मग खात्री करायला त्यांनी लोणच्याची बरणी वाजवली. ती जास्त चांगली वाजली. आत्याने एकदा तिच्या शेपटीखाली लायटर धरला, आणि एकदा तिला लिंबू चोळलं. लिंबू पितळेसाठी असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. आत्याला काही सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता माझ्याबद्दल. मी इंग्रजी माध्यमात शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, म्हणून शाळेत गप्प बसायला शिकले. घरी इंग्रजी शब्द निसटला की सगळे हसायचे, म्हणून घरीही. दोन्ही भाषांत सारखंच गप्प बसता येतं, हे माझ्या शिक्षणाचं फलित. पाहुणे आले की मला बोलावून औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर किंवा नव्या मिक्सरची माहितीपुस्तिका वाचायला लावतात. वाचून झालं की मी आत जाते. उन्हाळ्यात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून फिरते तेव्हा मला सर्वांत मोकळं वाटतं. वर्ध्यातल्या सगळ्याच मुली तशा दिसतात, त्यामुळे कुणीच कुणी नसतं.

एक दिवस आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "रविवारी तुही आत्या येऊन राह्यली. तिच्या पोरानं पुण्याहून तिले काचेची मासोळी पाठवली म्हणे. आपल्याले दाखवाले आणते."

"बरं," मी म्हटलं.

"तू दिवसभर मोबाईलमध्ये पाहत राहतं. त्यात हे नाई का सांगत, खरी काच कशी वळखाची?"

"सांगत असतील."

"मंग पाय ना. खरी निघाली त दादाले मी हाताले धरून आत आणीन. नाई निघाली त..." तिने मेथीची काडी मोडली. "त नको सांगू मले."

मी शोधलं. काचेच्या वस्तूंची पारख सांगणारी एक पांढऱ्या केसांची बाई सापडली. ती हातात मोजे घालून एकेक वस्तू इतक्या हळू फिरवायची की पाहता पाहता झोप यावी. तिचं पहिलंच वाक्य ऐकून मला आमचं घर आठवलं. ती म्हणाली, स्टिकर सगळ्यात शेवटी बघा. ते निघतं, आणि नवं लावताही येतं. कोरलेल्या सहीचंही तेच. वस्तू आधी उलटी करा.

कारण हाताने केलेली काच भट्टीतून एका लोखंडी दांड्याच्या टोकावर बाहेर येते. काम संपलं की ती दांड्यावरून तोडतात. त्या जागी बुडाशी एक खूण राहते. कुणी ती घासून गुळगुळीत करतं, कुणी तशीच ठेवतं. साच्यात ओतलेल्या नकलेला सहसा ही खूण नसते. तिला असते शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक उभी रेघ. रंग काचेच्या आत आहे की वरून लावलाय, तेही बघायचं. आणि जुन्या वस्तूच्या बुडाला वर्षानुवर्षं उचलल्या-ठेवल्याचे बारीक ओरखडे असतात, सगळ्या दिशांचे. एकाच दिशेचे असले तर कुणीतरी दगडावर घासून तिला म्हातारं केलंय असं समजायचं.

दुपारी सगळे झोपल्यावर मी मासोळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर घेतली. त्या बाईचे मोजे पातळ, पांढरे होते. माझ्याकडे स्कूटीचे होते, त्यावर फुलं आहेत. ते घातले, मासोळीच्या तोंडातली किल्ली आणि थर्मामीटर काढलं आणि मोबाईलचा टॉर्च लावला.

शिवण नव्हती. निळा रंग आत खोल होता, त्यावर पिवळा, त्यावर साध्या काचेचा जाड थर, जणू कुणी रंगाला पाण्यात बुडवून ठेवलंय. बुडाला ओरखडे होते, सगळ्या दिशांचे. बरेचसे आईच्या रोजच्या पुसण्याचे असणार. आणि मधोमध रुपयाएवढी खडबडीत खूण. एका बाजूला चौकोनी पुसट डाग होता, खरवडलेल्या स्टिकरच्या गोंदाचा.

"काय म्हणते?" आई दारात उभी होती. ती झोपली नव्हतीच.

"ही हाताने केलेली आहे. जुनी आहे. हे बघ, इथे दांड्यावरून तोडल्याची खूण असते. बेंबीसारखी."

"मासोळीले बेंबी?"

"हिला आहे. पण इटलीचीच आहे का, ते यावरून नाही सांगता येत, आई. हाताने कुठेही..."

"पण खरी हाय ना?"

मी पारखणाऱ्या बाईसारखं सावधपणे बोलायचा प्रयत्न करत होते. इटलीत पर्यटकांच्या दुकानात समोर एक बनवून दाखवतात आणि विकतात दुसरीच, हेही त्या बाईने सांगितलं होतं. ते मी गिळलं.

"हो," मी म्हटलं. आईने पदराने मासोळी पुसली. म्हणजे आणखी एक ओरखडा.

रविवारी आत्या आली. खोका तिने स्वतः धरला होता, बाबांनाही दिला नाही. आतून फुगवलेल्या प्लास्टिकच्या तीन गुंडाळ्या निघाल्या आणि मग मासोळी. तशीच निळी-पिवळी, शेपटीवर उभी, पण आमच्या मासोळीपेक्षा चकचकीत आणि दोन्ही डोळे सरळ समोर. पोटावर सोनेरी स्टिकर.

"पाय भाऊ, याले म्हणतात काच!"

"हो ना," बाबा म्हणाले. त्यांची नजर स्टिकरवर होती.

"ये व पोट्टे, वाच. इंग्लिशमधून शिकली ना तू?"

मी वाचलं. "हँडमेड."

"मोठ्यानं!"

"हँडमेड."

"म्हणजे?"

"हाताने केलेली."

"आयकलं का वहिनी?"

आई सोफ्याच्या कडेला उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी आत्याच्या मासोळीवरून बोट फिरवलं. ओठापासून शेपटीपर्यंत सरळ रेघ लागली, प्लास्टिकच्या बाहुलीला असते तशी.

"आत्या, इथे शिवण आहे."

"असंन. मजबुतीसाठी असते."

"साच्यात केली की असते. हाताने केली तर नसते."

मी इतकं लांब वाक्य त्या खोलीत पहिल्यांदाच बोलले होते. पण आता थांबणं बोलण्यापेक्षा अवघड होतं. मी शोकेसमधून आमची मासोळी आणली आणि दोन्ही टीपॉयवर उलट्या धरल्या.

"खालून बघा."

त्यांनी पाहिलं. माझी चूक मला लगेच कळली. त्यांनी बघावं असं मी म्हटलं होतं, कसं बघावं ते सांगितलं नव्हतं.

"पाय कशी गुळगुळीत हाय!" आत्या स्वतःच्या मासोळीच्या बुडावर हात फिरवत म्हणाली. "फिनिशिंग म्हणतात याले. अन् तुह्या आईच्या मासोळीचं पाय, फुटलं हाय."

"खरंच की," बाबा वाकून म्हणाले. "बूड खराब आहे हिचं. इतके दिवस लक्षातच नाही आलं."

"फुटलेलं नाही. दांड्यावरून तोडलं की..."

"तोडलेलंच म्हणतो ना मी!" बाबा म्हणाले.

"आणि हे ओरखडे जुनेपणाचे..."

"जुनी त हायच," आत्या म्हणाली. "जत्राही जुनीच हाय."

मी पुरावा म्हणून जे जे पुढे केलं ते ते आरोप म्हणून जमा झालं. रंग आत खोल आहे म्हटलं, तर बाबांना तो फिका वाटला. आत्याने आमची मासोळी माझ्या हातातून घेतली आणि तिचा तिरपा डोळा माझ्यासमोर धरला.

"अन् हे? याले काय म्हणतात तुह्या मोबाईलमध्ये?"

पांढऱ्या केसांच्या बाईने डोळ्यांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मी गप्प बसले. ते मला येतं. आईने पुढे होऊन आत्याच्या हातातून मासोळी घेतली, शोकेसमध्ये ठेवली आणि सवयीने तिरपा डोळा भिंतीकडे केला.

तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली.

आई बाहेर गेली. पाण्याचा गडवा न घेता गेली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"दादा, गाडी बंद कर."

"काऊन? काय झालं?"

"बंद कर म्हणते ना."

गाडी बंद झाली. आमच्या फाटकापाशी मामाची गाडी बंद झाल्याचा आवाज, म्हणजे आवाज बंद झाल्याचा आवाज, मी पहिल्यांदाच ऐकला.

"आत ये. तुही मासोळी खरी निघाली. पोरीनं तपासली."

"खरीच हाय ना. म्याच त आणली."

"मंग तू बोल्ला काऊन नाई इतके वर्सं?"

"मले कोनी पुसलंच नाई. सगळे मलेच सांगून राह्यले होते."

हे खरं होतं. मासोळीबद्दल चमच्याला विचारून झालं होतं, लायटरला, लिंबाला आणि शेवटी परदेशातल्या एका अनोळखी बाईला. ज्याने ती आणली तो महिन्या-दोन महिन्यांनी फाटकाशी येत होता, आणि त्याला आम्ही पाणी देत होतो.

आईने त्याला खरंच हाताला धरून आणलं. मामा उंबऱ्याशी थांबला, चपला काढल्या आणि सोफ्याकडे बघत तसाच उभा राहिला.

"या, दादा, बसा," बाबा म्हणाले.

"आत काऊन नाई येत होता तू?" आईने विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. आत्या तिथेच होती.

मामाने पायांकडे पाहिलं. काळ्या मातीचे पाय. "सोफ्यावर प्लास्टिक हाय ना बाई. म्हटलं, जपून ठेवला हाय. माह्या वावराच्या मातीनं कायले खराब कराचा?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. शिवण कुठे दिसली नाही. पण माणसाला उलटं धरून बघता येत नाही, त्यामुळे ते उत्तर अस्सल होतं की त्याच क्षणी घडवलेलं, हे मला अजून सांगता येणार नाही.

आईने प्लास्टिकची कड धरली आणि ओढली. टराटरा आवाज झाला. "अगं, अगं," बाबा म्हणाले, पण तोवर अर्धा सोफा उघडा पडला होता. खालचं कापड मेंदीच्या रंगाचं आहे, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा कळलं. मामा बसला. काही आवाज झाला नाही.

मग त्याचं शोकेसकडे लक्ष गेलं. "तिचा डोळा भितीकडे काऊन केला?"

तो उठला, शोकेसची काच सरकवली आणि मासोळी फिरवून तिरपा डोळा बाहेर आणला.

"मामा," मी विचारलं, "तुम्ही हीच मासोळी बनवताना पाहिली होती का?" मी त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"हीच. सुट्टीच्या दिवशी आमाले तिकडं फिरवाले नेलतं. काचेची भट्टी. सोबतचे सारे गोरे घामानं निथळून राह्यले होते. मले वाटलं, मे महिन्यात आंजीले आलो. तो बुढा मासोळ्या करून राह्यला होता. हिचा डोळा बसवताना हात सरकला, त हसला अन् बाजूले ठेवून देली. म्या म्हटलं, मले हेच पाह्यजे. तो नाई म्हणे, दुसरी घे, चांगली घे. त्याले मराठी नाई येत, मले त्याची भाषा नाई येत. तरी भांडलो अन् हेच घेतली."

"पण हीच काऊन?" आत्याने विचारलं. इतक्या वर्षांत तिचाही तो पहिलाच प्रश्न.

मामाने हनुवटीने आईकडे खूण केली. "लहानपणी ही असीच पाहे. राग आला का बोलेना, नुसती तिरपं पाहे. म्हटलं, लग्न होऊन चालली, आता कोन पाहीन आपल्याकडं असं."

आई आत गेली. चहा ठेवायला गेली असं आम्ही धरून चाललो.

चहा आला तेव्हा आत्या पूर्ववत झाली होती. मासोळी खोक्यात ठेवत म्हणाली, "ते सारं ठीक हाय. पण काच म्हणजे बेल्जियमचीच." कप मामाच्या हातात देता देता आईने फक्त आत्याकडे पाहिलं. मी आईकडे आणि शोकेसकडे आळीपाळीने बघत राहिले. डोळा हुबेहूब होता.

आत्याला ऑटोपर्यंत पोचवायला मी गेले. ऑटो वळणावर थांबला तेव्हा मागच्या पडद्याच्या फटीतून दिसलं, तिने खोका उघडला होता आणि मासोळी उलटी धरून तिच्या बुडावर बोट फिरवत होती.

परत आले तेव्हा मामा दुसरा कप पीत होता. तो गेल्यावर सोफ्याच्या काठाशी, त्याने पाय मागे घेतले असतील तिथे, काळ्या मातीचा हातभर पट्टा उठला होता. बाबा ओलं फडकं घेऊन आले.

"राहू द्या," आई म्हणाली.

"डाग पडेल."

"पडू द्या ना."

मग बाबांनी त्याच फडक्याने फ्रिजचं दार पुसलं, ताऱ्यांच्या बाजूबाजूने, एकही कड निघणार नाही असं जपून.